हणमंतची हजेरी

४ जाने., माकणी
आमच्या माजी सैनिक मंडळाची बैठक. आधी हजेरी. पहिलं नाव, मंडळ ज्याच्या नावाचं त्या शहीद हणमंतचं. सगळ्यांनी मिळून "हाजिर!" गुडघे गेले, आवाज अजून परेडचा. यंदा फौजेत निवडलेली गावातली तीन पोरं. हणमंतच्या स्मृतिदिनी सत्कार. फेटे दरवर्षीप्रमाणे शोभावहिनी, म्हणजे हणमंतची बायको, बांधणार. अडचण एकच. तिघांत एक त्यांचाच पोरगा, सुधीर.

६ जाने.
वहिनींकडे गेलो. ज्वारी पाखडत होत्या. सुधीर आईला न विचारता भरतीला गेला होता, हे आज कळलं.
"लोकाच्या लेकरांला बांधला. ह्याला कसा बांधू, भावजी?"
चहा घेतला. निघताना म्हणाल्या, "येते. पर त्यांच्या नावाची हाजरी घेऊ नका. तुमचं हाजिर ऐकलं की जीव वर-खाली व्हतो. घरात कुठं हायत ते?"
बघतो म्हणालो. बघतो काय, कबूलच केलं.

७ जाने.
मंडळाचे अध्यक्ष सुभेदारसाहेब भडकले. "मंडळाची रीत मोडायची व्हय?" एका दिवसापुरतं, म्हणालो. तयार झाले, तोंड वाकडं करून. खरं तर मलाही पटलेलं नाही. हणमंत आणि मी एकाच दिवशी भरती झालो होतो.

१२ जाने.
स्मृतिदिन. शाळेचं पटांगण. सरपंचांचं भाषण, लांबलंच. मग हजेरी. हणमंतचं नाव गाळायचं म्हणून जरा थांबलो, तर तेवढ्यात सगळे ओरडले, "हाजिर!" सवय. सुभेदारसाहेब तर सावधानमध्ये. मग एकेकानं जीभ चावली. फार लाज वाटली. वहिनींकडं बघवेना.
त्या उठल्या. दोन पोरांना फेटे बांधले, तुरा काढून, नीट. सुधीर पुढं आला. तिसरा फेटा वहिनींनी घडीसकट त्याच्या हातात ठेवला. माइक चालूच होता.
"माघारी ये, मग बांधते. तवर ह्या मंडळवाल्यांला तुजं नाव पुकारू देऊ नको."
टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

२ फेब्रु.
सुधीर ट्रेनिंगला निघाला. येडशी स्टेशनला मीच सोडलं. ट्रंकेत सगळ्यात वर फेटा, घडी तशीच.
"आई आली नाही, काका."
"येडा हायेस. तिनं कसं यायचं?"
गाडी गेली. डोळे पुसले, कबूल करायला हरकत नाही.
उद्या बैठक. हजेरी मलाच घ्यायची. पहिलं नाव घ्यायचं की नाही, अजून ठरत नाही.