भागोजीकाकांनी घासलेला चंबू

रत्नागिरी, मंगळवार

तीर्थस्वरूप भागोजीकाकांना महिपतचा वाकून नमस्कार.

आंजर्ल्याला गेल्यापासून तुमचे गुडघे काय म्हणतात? गंगाकाकूंचा दमा बरा आहे ना? इकडे आम्ही सर्व खुशाल (ही आपली पत्राची रीत, खुशाल कोणीच नाही). तुम्ही कॉलेजातून निवृत्त झालात आणि आपल्या प्रयोगशाळेला दृष्टच लागली.

आपलं काम तुम्हाला ठाऊकच आहे. नारळ सोलून निघालेल्या सोडणाचा भुसा शिजवून त्यातून इंधनाजोगं तेल काढायचं, आणि ते भरपूर निघावं म्हणून त्यात निकेलचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे आपला उत्प्रेरक, घालायचे. (कण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे सासूबाई मला अजून बेकारच समजतात.) तुम्ही असताना शंभरात साठ भाग तेल यायचं. तुम्ही गेलात आणि ते एकोणीसवर आलं! आठ महिने मी निकेल बदललं, भुसा बदलला, भट्टी बदलली. शेवटी गावी जाऊन देवाला गाऱ्हाणंसुद्धा घातलं (उत्प्रेरक म्हणजे काय ते गुरवाने देवाला आपल्या परीने समजावलं). हसू नका. आपली ईशा चार वर्षं याच कामावर पीएच.डी. करते आहे आणि प्रबंध द्यायची मुदत पुढच्या महिन्यात संपते. आकडे पुन्हा जुळले नाहीत तर पोरीची चार वर्षं पाण्यात.

परवा अखेर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवा शिपाई रूपेश भुसा शिजवायचा काचेचा चंबू साबणाने धुतो आणि नियमाप्रमाणे तीनदा विसळतो. तुम्ही घासायचात घरून आणलेल्या सोडणाच्या राखेने. मी किती वेळा रागावलो असेन! “राकंबिगर तेलकट जायाचा नाय, सायब,” म्हणायचात आणि माझी पाठ वळली की पुन्हा राख. त्यात नळाला पाणी कमी, म्हणून विसळण्यात काटकसर. त्या राखेतला क्षार चंबूला चिकटून राहायचा आणि सगळी करामत तोच करायचा. आम्ही मात्र परदेशी मासिकात छापून बसलो आहोत की भांडी अत्यंत स्वच्छ होती.

तेव्हा दोन डबे राख पाठवा. शिवाय कळवा, सोडण कुठल्या माडाचं, चुलीत सोबत लाकूड जळायचं का, आणि तुमची चिमूट दोन बोटांची की तीन? हे सगळं आता इंग्रजीत लिहायचं आहे.

तुमचा,
महिपत

ता.क. प्रकाश माझ्या डोक्यात पडला हे खरं नाही. मोरीमागे तुमचा राखेचा डबा सापडला तो ईशाला. तिने कोणाला न सांगता तीनदा प्रयोग केला आणि साठ, एकसष्ट, साठ असे आकडे माझ्या टेबलावर आणून ठेवले. “सर, बघा,” एवढंच म्हणाली.

आणखी एक. डब्यात राख भरपूर आहे. पत्राचं कारण वेगळंच आहे. गणपतीच्या आधी मी ईशाला सगळ्यांदेखत म्हणालो होतो की, आधीचे आकडे तू घरी बसून लिहिलेस. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काका, मला फार लाज वाटते. तुम्हाला ती मानते. शनिवारी याल का? माफी मीच मागीन, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. एकटा गेलो की मी माफी सोडून तिला व्याख्यान देऊन परत येतो. दोनदा तसंच झालं आहे.