भोंगा नव्हे, कर्णा

मानपाडा, डोंबिवली पूर्व

प्रिय सुदेशराव यांस,

साडू गुणाजीचा मनापासून नमस्कार. शकूची कंबर आता कशी आहे? तुमची साखर? आमच्याकडे देवाच्या दयेने सगळे धडधाकट. (भागीरथीचा गुडघा सोडून, तो नातेवाइकांकडे काही नवीन आलं की दुखतो.)

गेल्या रविवारी सकाळी मी पूजा आटोपली, देवाला दोनदा नमस्कार केला आणि भेंडी घेऊन तुमच्या माजिवड्याच्या घरी आलो. भेंडी हे निमित्त. आलेलो तुमचे नवे स्पीकर ऐकायला, आणि ते आवडणार नाहीत असं ठरवूनच आलेलो. दुसरा नमस्कार त्यासाठीच होता.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. आंबिवलीचे आबा, म्हणजे आपले सासरे, गेल्यापासून बारा वर्षं त्यांची पुण्यतिथी आमच्याकडे होते. सगळे जमतात, आणि आबांच्या भजनाची ती एकुलती एक कॅसेट (आता पेनड्राइव्ह, एक प्रत शकूकडेही) माझ्या कर्ण्यांवर लागते. दोन्ही कर्णे मी हाताने केलेत. प्लायवूडचे, कपाटाएवढे, तोंडाशी रुंद होत जाणारे. मागचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे डबे, मॉरिसने दिले. तो वसईकडच्या लग्नांत लाउडस्पीकर लावायचा. वर्षातला तो एक दिवस मी सासरच्या माणसांत कोणीतरी असतो. आणि यंदा भागीरथी म्हणाली, "अहो, या वर्षी शकूकडे करू या. तिच्याकडे आबा कसे स्पष्ट ऐकू येतात. आपला भोंगा काय, आहेच." भोंगा! बारा वर्षं सांगतोय, भोंगा गिरणीला असतो, हा कर्णा आहे.

तर तुमचे ते दोन मनोरे. किंमत मी विचारली नाही. शकूने चहाबरोबर आपणहून सांगितली, मग मी उचललेलं बिस्किट परत बशीत ठेवलं. तुम्ही म्हणालात, "डोळे मिटा गुणाजीराव, गाणारा कुठे बसलाय ते दिसेल." मी मिटले. सवयीने हातही जोडले गेले, तर शकू म्हणते, "भावोजी, अजून लावलंय कुठे!" मग तुम्ही लावलंत. खरं सांगतो, मला राग आला. आबा दिसले. डावीकडे पेटी, उजवीकडे पखवाज, मध्ये आबा, आणि ओळ उचलण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास. माझ्या कर्ण्यांवर हा श्वास कधी आलाच नाही. मी मनातल्या मनात पांडुरंगाला विचारलं, बारा वर्षं सेवा मी केली, मग श्वास यांच्याकडे का? (उत्तर आलं नाही. तुमचा एसी चालू होता.)

परतताना विचार केला, तेव्हा कर्ण्याची बाजूही सुचली. तुमच्या मनोऱ्यांना हलवायला शेगडीसारखा तापणारा ॲम्प्लिफायर लागतो. कर्ण्याला जुन्या रेडिओएवढी ताकद पुरते, आणि टाळ वाजला की छातीवर येऊन पडतो. तुमच्याकडचा टाळ काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा वाटला. तुमच्याकडे आबा फार सुंदर बसलेले असतात. माझ्याकडे ते उठून उभे राहतात. आवाज जरा नाकातून येतो, हातांचा द्रोण करून हाक मारल्यासारखा, हे कबूल. पण शेतावरच्या माणसाला हाक अशीच मारतात, आणि आबा शेतावरचेच.

शिवाय कर्ण्याला एक सभ्यता असते. मोठं असेल तेवढं तो पुढे नेतो, कुजबुज गिळून टाकतो. तुमचे मनोरे सगळंच सांगतात. तिसऱ्या अभंगाआधी आबा हळूच काय बोलले, ते तुम्ही तीनदा मागे घेऊन ऐकवलंत: "त्या गुणाजीला मागं बसवा रे कुणीतरी, टाळ चुकवतोय." शकू भिंतीकडे तोंड करून हसत होती. तुम्ही म्हणालात, "काय डिटेल आहे बघा!" मी म्हणालो, हो, फारच.

बाकी सर्व ठीक. तुमच्या घरी सुख नांदो (आणि आवाज जरा कमी ठेवून नांदो), एवढीच प्रार्थना.

तुमचा साडू,
गुणाजी

ता. क. पुण्यतिथी तुमच्याकडे व्हायला माझी हरकत नाही. फक्त दुसऱ्या अभंगानंतर चहा द्यावा आणि तो लांबवावा. तिसरा अभंग लावू नये, ही विनंती. हे पत्र त्यासाठीच होतं.

ता. क. २. वरचं रद्द समजा. पत्र दोन दिवस तसंच पडून होतं. आज भागीरथी मेथी निवडत होती, तेव्हा आबांच्या श्वासाचं सांगता सांगता मीच तिला त्यांचं ते वाक्यही सांगून टाकलं. मान वर न करता म्हणाली, "मला ठाऊक आहे. मी शेजारीच बसलेले, आबांनी मलाच सांगितलेलं."
"मग उठवलं का नाहीस?"
"डोळे मिटून एवढे रंगलेलात. कोण उठवणार?"
मला वाटलं, आता तिथी आपल्याकडेच राहणार. तर म्हणते, "तरी यंदा शकूकडेच जायचं हं. मला आबांचा तो श्वास ऐकायचाय." मी तिच्यासमोर बसून मेथी निवडायला घेतली. तिथी तुमच्याकडे. तिसरा अभंगही लावा.

ता. क. ३. पण श्वास तुमच्या मनोऱ्यांवर ऐकायचा आणि टाळ माझ्या कर्ण्यांवर, म्हणजे कोण चुकवतो आणि किती जोरात, ते सगळ्यांना नीट कळू दे. हे पत्र तुमच्या हाती देणारा विश्राम टेम्पोवाला आहे. दोन्ही कर्णे खाली गेटपाशी उतरवून तो वर आलाय. तुमच्या लिफ्टमध्ये ते मावत नाहीत. रविवारी निघताना मी वितीने मोजून घेतलंय. अकरा मजल्यांना सहा माणसं तरी लागतील.