पुढची सीट

शनिवार, संध्याकाळ

साडूची एअरबॅग बदलून झाली, माझी नाही. दोघांच्या गाड्या सारख्याच, रंगसुद्धा एकच. त्याला तर काही माहीतच नव्हतं! चालकाशेजारच्या एअरबॅगमध्ये दोष आहे, फुकट बदलून देऊ, असं कंपनीचं पत्र आधी मला आलं आणि मीच ते सासुरवाडीत मानपत्रासारखं मिरवलं. कशाला? तो दुसऱ्याच दिवशी परभणीच्या शोरूमला जाऊन काम करून आला. माझ्या चार खेपा झाल्या, दर वेळी "पार्ट यायलाय" एवढंच. तोवर पुढच्या सीटवर कुणाला बसवू नका म्हणाले. म्हणून बायको, सुमन, मागं बसते. पिंगळीत एकानं मला विचारलंसुद्धा, "गाडी भाड्याची हाय का?" मेव्हणी मात्र साडूच्या शेजारी, पुढं, काच खाली करून.

मघाशी त्याचा फोन. "काय, बदलली का न्हाई अजून?" आवाज कसला गोड! मी म्हणालो, "कवाच बदलली."

सुमननं स्वयंपाकघरातून ऐकलं. हात पुसत बाहेर आली. "अहो, सांगितलं न्हाई! मग उद्या माहेरी मी पुढंच बसून जाते."

आता ती नव्या साडीला इस्त्री करायलीय.