चिठ्ठी कुणाची?

मंगळवार, दिवेलागण

त्या डॉक्टरला सोडणार न्हाय. गावात एकटाच हाय म्हणून लई माजलाय. आई पोटदुखीनं वाकलीय, तर ह्यानं चिठ्ठी दिली, तुळजापूरच्या अमक्याच सेंटरवर सोनोग्राफी करा. तिथं सोळाशे सांगितले. आई न करताच माघारी आली. चार दिवस झाले, कळ दाबून भाकरी थापतीय.

आज मी भाव काढत हिंडलो. धाराशिवला नऊशे. तुळजापुरात दुसरीकडं हजार. मंगळवारची देवीची गर्दी, कवड्यांच्या माळा बघण्यात थोडा येळ गेलाच. मग त्याच सेंटरवर गेलो. काउंटरवरच्या बाईनं आधी विचारलं, "चिठ्ठी कुणाची?"

म्हणलं, सरकारी दवाखान्याची.

"मग अकराशे."

मशीन तेच, पोट तेच. मग वरचे पाचशे कुणाचे? चिठ्ठीवाल्याचेच की!

तसाच येऊन डॉक्टरच्या बाकड्यावर बसलो. शेजारच्या म्हातारीला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "मावशी, जपून. ह्यांची चिठ्ठी पाचशेला पडती." एकेक भाव सांगितला. डॉक्टर बाहेर आला.

"तुला काय होतंय रे?"

"मला कायबी न्हाय साहेब. आईला होतंय."

माणसं हसली. दोघं तर उठून गेली. त्याचं तोंड बघून कलिजा गार झाला.

घरी आईला सांगितलं, उद्या धाराशिवला जाऊ. ती म्हणाली, "जाऊ की. पण आज रातीला कळ वाढली तर कुणाच्या दारात नेतोस?"

ह्याचा इचारच केला न्हवता.