आरशावरचा नको तिथला डाग

अहो,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे. आज कागदावर भांडते. तुमच्या लॅबमधली अनघा तुमच्या शेवटच्या आरशाची मोजमापं घेऊन सकाळी बिबवेवाडीला आली होती.

म्हणाली, "काकू, रिझल्ट मस्त आहेत. फक्त लेसरच्या अगदी कमी पॉवरला एका जागी डाग पडलाय. डस्ट असेल. सर असते तर वगळला असता ना?"

असता! मला माहीत नाही का?

तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनच्या यंत्रांसाठी लेसरचे आरसे घडवायचात, मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. एका जागी लेसरचा एकच मारा, मग नवी जागा, ही तुमची शिस्त. डाग दिसला नाही तरी काच पहिल्यासारखी राहत नाही, म्हणायचात. कुठल्या ताकदीला किती जागा डागाळल्या, त्यावरून आरसा कुठवर निर्धास्त वापरता येईल, ते मी काढून द्यायचे.

आणि नको तिथे, कमी ताकदीलाच, डाग पडला की ठरलेलं! "अगं, धूळ होती." "डोळ्याच्या ऑपरेशनच्या यंत्रात धूळ काय परवानगी घेऊन बसणार आहे?" मग तुमचा अबोला. संध्याकाळी बुधवार पेठेत सामान आणायला निघालात, की दारातून हळूच, "येतेस का?"

छातीत कळ आली तेव्हाही तेच केलंत. "एकदाच आली, गॅस असेल. बाकी सगळं नॉर्मल आहे." डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणालात, "तू आणि तुझी आकडेवारी!" अहो, जन्मभर मी तुम्हाला दुसरं काय सांगत होते? फार राग येतो तुमचा. राग ओसरला की घर खायला उठतं.

आज मी तो डाग वगळू दिला नाही. निर्धास्त वापराचा आकडा बराच खाली आला. आता तुमचा आरसा त्या यंत्रात बहुधा बसणार नाही. "सरांचं शेवटचं काम होतं, काकू," म्हणून अनघा रडली. मीही रडले. तो पास व्हावा असं माझ्याइतकं कोणाला वाटत होतं?

पण त्या यंत्राखाली कोणाचे तरी 'अहो' झोपलेले असतील.

अनघाला मी हे सगळं नीट शिकवीन. तुमच्या नावाच्या कुठल्याही आरशावरचा डाग वगळला जाणार नाही, हा माझा शब्द. पटत नसेल, तर वाद घालायला या.

तुमचीच,
सुधा