दोनशे ग्रॅम

६ जून

डॉक्टर आज वैतागलेच. बाबांची साखर एक दिवस आभाळात, एक दिवस पाताळात! "इंजेक्शन ठरलेलं आहे, मग भातही ठरलेला हवा. एका जेवणाला दोनशे ग्रॅम. कोण वाढतं यांना?"

सकाळ-संध्याकाळ मी. दुपारी मी शाळेत गणित शिकवत असते, तेव्हा वहिनी. दादा-वहिनी दोन गल्ल्या पलीकडे राहतात, ती येऊन वाढून जाते.

तिला विचारलं, किती वाढतेस? "एक कप." कोणता? "तो काय, निळा." कधी चेपून भरलेला, कधी शीग लावलेला. याला माप म्हणतात?

७ जून

वजनकाटा आणला. काचेचा, हिरवे आकडे. वहिनी हसली— "सोनार झालात की काय ताई!" हसू दे.

८ जून

बाबांची स्टीलची वाटी भातानं भरून काट्यावर ठेवली. तीनशे तीस! चमच्या-चमच्यानं काढत दोनशेवर आणली. एवढासाच राहिला! निळ्या कपात याच्या दुप्पट मावत असेल. म्हणजे इतके दिवस वहिनी...

आता दुपारचा डबाही मीच त्या वाटीनं मोजून ठेवणार.

१२ जून

सकाळची साखर खाली. वा! बाबा मात्र रोज, "अजून थोडा वाढ गं." त्यांच्या जिभेचं ऐकलं की संपलंच.

१५ जून

संध्याकाळी त्यांचे हात थरथरत होते. पंखा चालू, तरी सदरा घामानं ओला. वय झालं आता.

१७ जून

शाळा लवकर सुटली. दार उघडते तर काय— वहिनी बाबांना भरवतेय, निळ्या कपातून! माझा डबा बाजूला, चाटून पुसून रिकामा.

"भूक होती त्यांना, ताई. चेहरा कसा उतरलाय बघा तरी."

"माझ्या पाठीमागे? त्यांच्या जिवावर उठली आहेस का?"

बोलून गेले. बाबा काहीतरी सांगायला लागले, त्यांनाही गप्प केलं. वहिनीनं कप धुतला, पालथा घातला, चपला पायात सरकवल्या. उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलंय.

दादाला फोन केला. "तुम्ही दोघी काय ते बघा बुवा." नेहमीचंच.

१८ जून

डबा मोजून बाबांच्या हाताशी ठेवला आणि शाळेत गेले. कुणाची लुडबुड नाही. बरं वाटलं.

१९ जून

बाबा बोलता बोलता अडखळतात. आज मला विचारत होते, "तुमची गाडी किती वाजता?" मशीनवर साखर फारच खाली. आता कुठे आटोक्यात येतेय, की...? शनिवारी डॉक्टरांना दाखवते.

२० जून

तिसऱ्या तासाला शेजारणीचा फोन. बाबा न्हाणीघराच्या दारात पडलेले. ओठ पांढरे, हाका मारल्या तर ओ नाही. दवाखान्यात सलाईनमधून साखर चढवली. डॉक्टर म्हणाले, "हे जेवतच नव्हते का?"

"दोनशे ग्रॅम, डॉक्टर! रोज, मोजून!"



२२ जून

शुद्ध नाही. कपडे न्यायला घरी आले. पडलेली भांडी घासून टाकली. ओटा पुसताना काट्याचं बटण दाबलं गेलं असावं— घासलेली वाटी त्यावर टेकवली तर आकडे लागले. एकशे वीस.

उचलली. पुन्हा ठेवली. एकशे वीस. रिकामी वाटी!

दोनशेतून एकशे वीस गेले. ऐंशी. बाबांना ऐंशी ग्रॅम भात घालत होते मी— आणि इंजेक्शन मात्र पूर्ण. गणित शिकवते मी!

२३ जून

बाबा गेले. सकाळी दहाला.

३० जून

वहिनीच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. वाटीचं वजन, ऐंशी ग्रॅम, सगळं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "काटा आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज जास्तीचं भरवत होते मी, ताई. तुम्हाला सांगणारही होते. पण बाबांनी शपथ घातली— तिला कळू देऊ नकोस सूनबाई, एवढं जिवापाड मोजते पोर, तिला वाईट वाटेल."