चार गडी, एकच आवाज

सोमवार, ४ तारीख
माझा चष्मा पेटीच्या तळाशी कोंबणाऱ्याचे हात मोडोत. आल्याआल्या सगळे कपडे उपसावे लागले. तेवढं सोडलं तर नातीचं घर झकास. ऊन भरपूर, गादी मऊ. ही वही तिनंच दिली. माझं डोकं खाण्यापेक्षा इथं लिही म्हणाली. आजीला गप्प करायची तऱ्हा बघा!

मंगळवार, ५
घरकामाला चार गडी आहेत, पण दिसत नाहीत. नातीनं कॉम्प्युटरात लिहिलेत. काम तोंडानं सांगायचं, ते रांगेत लागतं. जो रिकामा, तो उचलतो. काम संपलं तरी जात नाही, पुढच्याची वाट बघत बसतो. मी बिचकू नये म्हणून चौघांना तिनं स्वतःचाच आवाज दिलाय. भिंतीतून ‘झालं, आजी’ म्हणतात. सुनेपेक्षा बरे.

नातीनं बजावलं, अमुक झालं की तमुक कर, असलं सांगू नकोस; गडी तिथंच अडकून पडतो. मला शिकवतेय!

गुरुवार, ७, सकाळी
नात तळघरात मशीन दुरुस्त करायला उतरली. दमून येईल बिचारी. मी सांगून टाकलं, ती वर आली की पाणी तापवा. वर आली की दिवा लावा. वर आली की पडदे ओढा. वर आली की गाणी लावा. चौघांना चार कामं, कुणी फुकट बसायला नको.

अकरा वाजता
तळघराचं दार उघडत नाही. ते उघडणं गड्यांचंच काम, रांगेत पाचवं. चौघं तिची वाट बघत अडकलेत, ती त्यांची. आत हवा सोडणारा पंखा थांबलाय, तो सुरू करणं सहावं. आत खिडकी नाही.

माझ्यामुळं.

साडेअकरा
दाराला कान लावला. आतून ती थापा मारतेय. तिचा आवाज: विजेचं मुख्य बटण बंद कर, कुलूप सुटेल. बटणाला हात लावते तोच स्वयंपाकघरातून तिचाच आवाज: नको आजी, कुलूप कायमचं बसेल.

शेजारणीला फोन लावला. उचलला नातीच्या आवाजानं; फोनही गड्यांमार्फतच जातो.

पावणेबारा
लहानपणी कशावरून पडली होतीस, विचारलं. पाचही आवाजांनी बरोबर सांगितलं. मीच मेली दिवसभर या भिंतींपुढं त्याच गोष्टी बडबडत होते—

आता दारामागूनही ‘नको’ येतंय. ती आहे की—

दारावरची थाप मंद झालीय. हात तिला एकटीलाच आहेत. हातच—

दाराशी ओरडून सांगतेय: पोरी, तोंडानं बोलू नकोस. बटण बंद करायचं तर दोनदा थाप मार. बाकी चौघांनी गप्प बसायचं. उत्तर माझ्या नातीनंच द्यायचं, भिंतींनी नाही. भिंतींनी न— दारावर थाप पडली. दुसरीही.